मावळची वाट आणि मावळचा वाटसरू

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्यास येणारा प्रवासी खोपोली सोडून बोरघाट चढू लागला म्हणजे वाटेत त्यास शिंग्रोबाचे एक लहानसे देऊळ लागते. येणारेजाणारे मोटारचालक आजही देवापुढे नाणे टाकून मगच पुढे जातात. या देवाची कथा अशी सांगतात की, शिंग्रोबा हा या डोंगरात गुरे चारणारा एक धनगर होता. घाटातून मार्ग कोठून न्यावा हे साहेबाच्या इंजिनियरांस उमगेना, तेव्हा गुरांच्या पायाखालची वाट त्याने त्यांस दाखविली. आणि पुढे बक्षीस काय हवे असे विचारले असता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, म्हणून त्याचा प्राण घेण्यात आला. ही दंतकथा होय; इतिहासाच्या कसोटीस तिचा प्रत्येक शब्द उतरेल असे नाही. परंतु दंतकथा जतन करणारा समाज आपल्या मनातील एखादी खूणगाठ तीत बांधून ठेवीत असतो. वाट दाखविली एकाने आणि ती झाली दुसऱ्याची, ही येथील खूणगाठ आहे. मावळातील दळणवळणाचा दोन हजार वर्षांचा इतिहास चाळला असता हीच गाठ पुनःपुन्हा हाती लागते.

मावळ हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी मुलूख. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरणाऱ्या डोंगररांगा आणि त्यांमधून वाहणाऱ्या इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्या, अशी त्याची रचना आहे. नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळ ही नावे या खोऱ्यांवरूनच रूढ झाली. लोणावळ्यापासून कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी जी सखल पट्टी पूर्वेकडे जाते, तीतून देशावरचा हमरस्ता काढणे सोपे. परंतु दोन्ही अंगांच्या खोऱ्यांत शिरावयाचे म्हणजे ओढे, नाले आणि चिखलाची खाचरे ओलांडावी लागतात. पावसाळ्याचे चार महिने तर पाणी सांगेल तेव्हाच माणसाने निघावे. अशा रीतीने मावळात वाटा दोन प्रकारच्या झाल्या. एक, मुलखाच्या आरपार जाणारा हमरस्ता. दुसरी, गावापासून त्या हमरस्त्यापर्यंत येणारी पाऊलवाट. पहिलीचा इतिहास राजांनी, कंपन्यांनी आणि सरकारांनी लिहिला. दुसरीचा इतिहास मात्र चालणाऱ्यांच्या तळपायांवरच उमटत राहिला.

हमरस्त्याचा सर्वांत जुना दाखला म्हणजे कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून घाटमाथ्यावर येऊन तेरसारख्या पेठांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आश्रयाने ती कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख वाचले असता दात्यांमध्ये वैजयंतीचा श्रेष्ठी आढळतो, धेनुकाकट येथील यवन आढळतात, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि सुतारही आढळतो. या मार्गावरून किती दूरची संपत्ती वाहत असे हे त्यावरून दिसून येते. मात्र ती संपत्ती ज्या बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून घाट चढून आली, त्यांविषयी ते दगड मुके आहेत. पुढे लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना हे किल्ले याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी सिद्ध झाले.

एक काळ असाही होऊन गेला की, पाऊलवाटेनेच हमरस्त्यावर मात केली. ता. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान हा मोगल सरदार लोणावळ्याजवळील कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत असता उंबरखिंडीत शिवछत्रपतींच्या सैन्याने त्यास पुरता कोंडला. मोठ्या फौजेस जी वाट अडचणीची, तीच मावळ्यास घरच्या अंगणासारखी होती. पायी चालणाऱ्या गरीब माणसाचे ज्ञान हेच तेव्हा राज्याचे बळ होते. परंतु तोफांचे दिवस आले आणि हे बळ ओसरले. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची मुंबईची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा तोफा वर आणण्यासाठी तिला वाट दुरुस्त करीतच यावे लागले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्या फौजेस शरणागतीचा तह करावा लागला खरा. पण पुण्यापर्यंत पोहोचावयाचे तर आधी हा घाट गाडीरस्त्याचा झाला पाहिजे, ही गोष्ट इंग्रज विसरले नाहीत.

पेशवाई बुडाल्यानंतरही काही वर्षे घाट अवघडच होता. १८२५ साली बिशप हेबर या वाटेने पुण्यास गेले, तेव्हा चढ इतका उभा होता की भरलेली गाडी वर नेणे कठीण; लोक पायी किंवा घोड्यावरून जात आणि सर्व माल बैलांच्या व तट्टांच्या पाठीवरून चाले. कोकणातून मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली उतरे. या वाहतुकीवर वंजाऱ्यांचे तांडे पोसले जात. ता. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि चाकाची गाडी प्रथमच सुखाने घाट चढू लागली. ही सुधारणा मोठी होती यात संशय नाही. परंतु तिची फळे सर्वांस सारखी मिळाली नाहीत. ज्याच्यापाशी गाडी आणि बैलांची जोडी होती त्याचे भाडे वाढले. ज्याच्यापाशी केवळ पाठाळ बैल होता त्याचा धंदा हळूहळू बसत गेला. ज्याच्यापाशी तेही नव्हते, तो डोक्यावर मोळी घेऊन पूर्वीप्रमाणेच चालत राहिला.

त्यानंतर आली आगगाडी. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग ता. १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. खालच्या बाजूने गाडी खोपोलीपर्यंत येत असे. मधला घाट मात्र प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून ओलांडावयाचा. तेवढी पाच वर्षे घाटातील भोई, तट्टूवाले आणि गाडीवान यांस चांगले दिवस आले. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली आरंभिले होते. ते १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि ३७ फुटांस एक फूट असा चढ, असे ते अचाट काम. जेम्स बर्कली हे त्याचे मुख्य इंजिनियर. सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार १८५९ साली येथे येताच थोड्या दिवसांत निवर्तले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडून न देता ते तडीस नेले. १८६१ च्या हंगामात या कामावर ४२,००० हून अधिक मजूर खपत होते. पटकीने आणि तापाने त्यांतील पुष्कळ दगावले. मार्ग बांधला गेला तो त्यांच्या हातांनी; परंतु ग्रंथांतून नावे राहिली ती इंजिनियरांची आणि कंत्राटदारांची.

आगगाडी सुरू होताच घाटातील भाड्याचा धंदा बुडाला. मात्र दुसरीकडे लोणावळे वाढले, आणि ते का वाढले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घाट चढताना गाडीस मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात आणि माथ्यावर ती सोडावी लागतात. त्यामुळे गाडीस लोणावळ्यास थांबणे भाग पडते. गाडी थांबली म्हणून तेथे कामगार राहू लागले, फेरीवाले आले आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की नावारूपास आली. उन्हाळ्यात डोंगरातील करवंदे व जांभळे पाटीत घेऊन कातकरी व ठाकर स्त्रिया गिऱ्हाइकाच्या शोधात तेथे उतरू लागल्या. गाडी जेथे थांबते तेथे गरिबाची चूल पेटते आणि जेथून ती नुसती धडधडत निघून जाते तेथे केवळ धूर राहतो, हा धडा मावळास प्रथम लोहमार्गाने शिकविला.

आता पाऊलवाटेकडे वळू जाता काय दिसते? १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांकडून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेतला जाऊ लागला. त्याचा दोन तृतीयांश भाग रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांकडे आणि एक तृतीयांश शाळांकडे लावावयाचा असा नियम होता. म्हणजे आंदर मावळातील कुणबी सरकारी रस्त्यासाठी दरसाल आण्याआण्याने पैसे भरीत होता. परंतु त्याच्या गावची वाट मात्र शेताच्या बांधावरून आणि ओढ्याच्या पाण्यातूनच जात राहिली. पुढे १९२२ साली ठोकरवाडीचे आणि १९७२ च्या सुमारास पवनेचे धरण पुरे झाले. विजेसाठी व पाण्यासाठी ही धरणे आवश्यक ठरली असतील. तथापि जलाशयाखाली शेतीबरोबर जुन्या वाटाही बुडतात. जे गाव पूर्वी खोरे ओलांडून गाठता येत असे, त्यास जावयाला जलाशयाचा वळसा घालावा लागू लागला. पायी चालणाऱ्याच्या हिशेबात हा वळसा म्हणजे अर्धा दिवस आणि अर्ध्या दिवसाची मजुरी होय.

लोहमार्गावरही पायरीपायरीची व्यवस्था होती. रेल्वेचे बहुसंख्य उतारू तिसऱ्या वर्गाचे, आणि सर्वांत हाल त्यांचेच. १९१७ साली महात्मा गांधींनी मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गाने जाऊन, तेथील गर्दी, घाण आणि अनास्था यांचे वर्णन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केले, ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९२९ साली कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर चालू लागला आणि ता. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. या गाडीचा लौकिक मोठा. परंतु प्रारंभी तीत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला जून १९५५ मध्ये प्रथम जोडण्यात आले. म्हणजे पंचवीस वर्षे ही गाडी मावळच्या शेतांमधून धावत होती, आणि त्या शेतांत राबणाऱ्यास खिशाला परवडेल अशी एकही जागा तीत नव्हती. १९५५ साली रूळ बदलले नाहीत, बोगदेही नवे खणले नाहीत. केवळ स्वस्त तिकिटाचा डबा जोडण्याचा निर्णय झाला, आणि तेवढ्याने गाडीचे दार उघडले.

रस्त्यांच्या बाबतीत असा निर्णय थोडा आधी झाला होता. १९४३ साली नागपूर येथे देशातील रस्ते-इंजिनियरांची परिषद भरली. शेतीने समृद्ध अशा प्रदेशात कोणतेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे ध्येय तीत ठरले. गावापासून रस्त्याचे अंतर मोजावयाचे, ही दृष्टीच नवी होती. तोवर रस्त्याची मोजणी शहरापासून शहरापर्यंत होत असे. पुढे ता. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली. तत्पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी चालत. त्या भरल्याखेरीज हलत नसत आणि जेथे उतारू थोडे तेथे फिरकत नसत. नफ्याच्या वाटेवरील उत्पन्नातून तोट्याची वाट चालवावयाची, हे एसटीचे खरे तत्त्व. ‘गाव तेथे एसटी’ हे ब्रीद त्यातूनच निघाले. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजनाही त्याच जातीची.

खेड्यातील माणसास एसटीची गोडी कशाने लागली हे शहरवासीयास सहसा उमगत नाही. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तेथूनच निघणारी ‘मुक्कामी गाडी’ हे त्याचे उत्तर होय. ही गाडी असली म्हणजे दूध वेळेवर निघते, भाजीची पाटी बाजार भरण्यापूर्वी पोहोचते, आजाऱ्यास झोळीत घालून नेण्याऐवजी आसनावर बसवून नेता येते आणि मुलीस सातवीपुढे शिकविता येते. शाळा सुटल्यानंतर परतीची गाडी नसेल, तर मुलाचे शिक्षण कसेबसे चालते, मुलीचे थांबते. ही गोष्ट कोणत्याही खोऱ्यातील शिक्षकास ठाऊक असते. १९७० नंतरच्या दशकात दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून राज्यात खेडोपाडी मातीचे रस्ते झाले, ता. २५ डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डांबरी सडका वस्त्यांपर्यंत न्यावयास आरंभ केला. परंतु सडक आणि गाडी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. सडक झाली आणि गाडी आली नाही, तर ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन आहे त्याचीच सोय होते. इतरांस वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसावे लागते, नाही तर त्या गुळगुळीत सडकेवरून पायीच जावे लागते.

मावळच्या गरिबास लोहमार्ग खऱ्या अर्थाने लाभला तो ता. ११ मार्च १९७८ रोजी. त्या दिवशी पुणे-लोणावळे लोकल सुरू झाली. या मार्गावर आगगाडी येऊन तेव्हा एकशेवीस वर्षे होत आली होती. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी अशा लहान स्टेशनांवर थांबत जाणारी ही गाडी वेगाच्या दृष्टीने कोणाच्या डोळ्यांत भरणारी नव्हे. तथापि तिच्या मासिक पासाने मावळचे आर्थिक जीवन पालटले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम आणि गावात घर व भातशेती असे दुहेरी जीवन शक्य झाले. दूधवाले, भाजीवाल्या, महाविद्यालयीन विद्यार्थी, घरकामास जाणाऱ्या बायका यांनी तिचे डबे भरले. गाव न सोडता पोट भरता यावे, ही गरिबाची फार मोठी श्रीमंती असते, आणि ती या संथ गाडीने दिली.

याच्या उलट द्रुतगती महामार्गाचे आहे. सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाला. देशातील रस्तेबांधणीत त्याचे स्थान मानाचे आहे. परंतु दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पादचारी यांस त्यावर मज्जाव आहे. वेगवान वाहनांच्या मार्गावर असे निर्बंध सुरक्षिततेसाठी हवेतच. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो एवढाच की, ज्या मुलखाची जमीन या मार्गासाठी गेली, तेथील गरीब माणसाची जी जी वाहने, ती सर्व या यादीत आली. शिंग्रोबाची गाठ ती हीच.

मिळालेली सोय टिकते असेही नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकल बंद पडली. ऑक्टोबरात ती पुन्हा निघाली ती अत्यावश्यक सेवेतील लोकांपुरती, आणि मजूर व भाजीवाली यांस आणखी पुष्कळ काळ फलाटाबाहेरच राहावे लागले. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. परंतु त्या काळात खोऱ्यातील उतारूंस एसटीचा अर्थ नव्याने कळला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य आणि ता. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्ध्या भाड्यात एसटीचा प्रवास मिळू लागला. सवलत उत्तम, मात्र जी गाडी गावात येतच नाही तिचे अर्धे भाडे किती, हा प्रश्न उरतोच.

आणि ता. १५ जून २०२५ रोजी या साऱ्या इतिहासाचा दुःखद पुरावा पुढे आला. तळेगावाजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सहलीस आलेल्यांच्या गर्दीखाली कोसळला. चार जणांचे प्राण गेले आणि अनेक जखमी झाले. हा पूल मुळात दोन्ही काठांवरील शेतकऱ्यांच्या जाण्यायेण्याचा. तो जीर्ण झाला होता, नवा पूल मंजूरही झाला होता. पण प्रत्यक्षात उभा राहिला नव्हता. मोठ्या पुलास तडा गेला तर रातोरात यंत्रे धावतात; गावच्या साकवास मात्र आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते.

श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. ज्या तीन प्रसंगी मावळच्या गरिबाचा प्रवास खरोखर सुधारला, त्यांपैकी एकाही प्रसंगी डोंगर फोडावा लागला नाही. १९४८ साली रस्ते होतेच, त्यांवर ठरल्या वेळी निघणारी गाडी आली. १९५५ साली गाडी होतीच, तिला स्वस्त डबा मिळाला. १९७८ साली रूळ होतेच, त्यांवर जागोजाग थांबणारी गाडी धावली. अचाट कामे झाली ती १८३०, १८६३ आणि २००२ साली; त्यांनी देशाचे कल्याण केले, पण मावळच्या माणसास त्यांचा लाभ पुढे कोणी तरी गाडी थांबविली तेव्हाच मिळाला. म्हणून दळणवळणाची प्रगती मोजताना मुंबईहून पुणे किती तासांत येते एवढेच विचारून भागणार नाही. आंदर मावळातील शेवटच्या वाडीतून निघालेली म्हातारी भर पावसात दवाखान्यात जाऊन त्याच दिवशी घरी परतू शकते काय, आणि तिच्या कनवटीस असलेल्या पैशांत ते बसते काय, हे विचारले पाहिजे.

घाटातून जाणारे आजही शिंग्रोबापुढे नाणे टाकतात. वाट दाखविणाऱ्याचे ऋण मान्य करण्याची ही जुनी, चांगली रीत आहे. ते ऋण पुरते फेडावयाचे तर त्याच्या वंशजांच्या वाडीपर्यंत संध्याकाळची एक मुक्कामी गाडी गेली पाहिजे.